तीनच्या खाली

गावच्या दूध डेअरीत बावीस वर्षं फॅट तपासणाऱ्या माणसानं दही विकत आणायला दुकानात जावं, याची संपतला स्वतःलाच लाज वाटत होती. पण इलाज नव्हता. नारायणगावला हायवेलगत नवीन सुपरमार्केट झालं होतं, तिथल्या थंडगार कपाटासमोर तो अर्धा तास उभा होता. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि डोकं तापलेलं होतं.

चिठ्ठी बायकोची, लंकाबाईची. तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. तेलातुपाचं पोटात गेलं की ती कळवळायची, म्हणून महिनाभरात तिनं खाणंच सोडलं आणि अंगात काही उरलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रक्तातलं प्रोटीन वाढल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. तीन आठवडे देतो. लंकाबाईच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडं-मटण नाही. डाळी-कडधान्यांनी पोट फुगायचं. राहिलं दही. तेही फॅट एकच्या आत आणि प्रोटीन भरपूर असलेलं. ताक चालेल का, असं संपतनं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, त्यात सगळं पाणीच.

घरी म्हैस होती. साडेसात फॅटची! तिच्या दुधाची साय तीनदा काढून संपतनं दही लावलं, पण डेअरीतल्या मशीनवर नमुना घातला तर फॅट तीन पॉइंट एक. तरी लंकाबाईनं एक वाटी खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसली. आता तीन आठवड्यांतला एक संपला होता.

कपाटात डबेच डबे होते. संपतला इंग्रजी अडखळतच वाचता येत होतं, पण फॅट-प्रोटीनचे आकडे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या डब्यावर फॅट साडेतीन. ठेवला. दुसऱ्यावर अर्धा टक्का, पण त्यावर आंब्याचं चित्र आणि आत साखरच साखर. तिसरा स्वस्त, फॅट कमी, पण प्रोटीन तीन. नुसता पातळ. चौथ्यावर प्रोटीन आठ लिहिलेलं बघून त्याला हायसं वाटलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा आकडा शंभर ग्रॅमचा नाही, अख्ख्या दोनशेच्या डब्याचा आहे. म्हणजे तेही चारच.

"लुच्चे साले," तो पुटपुटला.

"काय पाहिजे काका?" दुकानातली मुलगी जवळ आली. कौसर तिचं नाव, जुन्नरची. संपतनं पुढं केलेली चिठ्ठी तिनं वाचली आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक बुटका डबा काढून दिला. "हे घ्या. फॅट काहीच नाही, प्रोटीन नऊ."

संपतनं डबा उलटा करून किंमत बघितली. नव्वद रुपये. वाटीभर दह्याचे! दिवसाला तीन वाट्या, दोन आठवडे. डेअरीचा निम्मा पगार याच्यातच गेला तर ऑपरेशनला काय लावायचं?

"येवढं का म्हाग?"

"फॅट काढलंय ना काका त्यातलं. आणि पाणी पण."

इथे मात्र संपतचा तोल गेला. "काढलंय म्हणून म्हाग? आमच्याकडं फॅट तीनच्या खाली आलं तर आमी दूध तोंडावर परत करतो! अन् तुमी त्येच नव्वदला इकता व्हय?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कौसर बिचारी कानकोंडी झाली. "मी विकत नाही काका, मी फक्त लावते इथं," ती हळूच म्हणाली. तिच्यावर ओरडून काय उपयोग, हे संपतलाही कळत होतं. डबा जागेवर ठेवून तो निमूट बाहेर पडला आणि स्कूटरवर बसला. किक मारायला पाय उचलला आणि तसाच थांबला.

तीनच्या खालचं दूध. त्याला बायडाबाई आठवली.

ओढ्याच्या कडेला राहणारी एकटी बाई, एकच गाय, विलायती होल्स्टीन जातीची. तिच्या दुधाला फॅट दोन पॉइंट चार, कधी दोन पॉइंट सहा. अख्ख्या गावात असं दूध दुसऱ्या कुणाचं नव्हतं. साय काढून आणते, असं संपतनं ठरवूनच टाकलं होतं आणि रांगेत सगळ्यांच्या देखत ऐकवलंही होतं, "बाई, तूप घरी अन् पाणी डेअरीला का?" किटली परत करताना हात कधी कचरला नाही. बाई दरवेळी एकच म्हणायची, "एकदा गोठ्यात या, तुमच्या समोर धार काढते." तशी पद्धतच होती. शंका आली की टेस्टरनं गोठ्यात जायचं आणि समोर पिळलेल्या दुधाचा नमुना घ्यायचा. संपत कधी गेला नाही. गेल्या पावसाळ्यापासून बाईनं डेअरीला यायचं बंद केलं, तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं.

आता तेच दूध हवं होतं. आधीच अडीचचं, त्यात साय काढली की एकच्या आत येणार. स्कूटर त्यानं सरळ ओढ्याकडे घातली.

बायडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून उठली नाही, पण पोतं पुढं सरकवलं. "बसा संपतराव."

संपतनं सगळं सांगितलं. लंकाबाई, खडे, प्रोटीन. मग चाचरत म्हणाला, "तुमच्या गाईचं दूध मिळालं तर... दोन आठवडं. म्हणाल तो भाव."

बाईनं गोठ्याकडं हात केला. तिथे नुसता खुंटा होता.

"इकली. बेल्ह्याच्या बाजारात," ती म्हणाली. "तुमी दूध परत करायचा. पैसं न्हाईत तर पेंड कुठनं घालू तिला? साय काढत असते तर घरात तूप दिसलं असतं का न्हाई? गाईचंच तसं व्हतं वो. तुमी येकदा आला असता तर कळलं असतं."

संपतचे कान लाजेनं गरम झाले होते. तो उठायला लागला तशी बाईच म्हणाली, "थांबा. लंकाचं काय करताय मग?"

आत जाऊन तिनं धुतलेलं एक मलमलचं फडकं आणलं. "म्हशीच्या दुधाचं दही लावा. घुसळून लोणी समदं काढा. ताक राहील त्ये मंद तापवा, फाटंल. मग ह्याच्यात बांधून रातभर टांगा. घट्ट गोळा व्हतो, अन् त्यात फॅट न्हाई. तुमी परत केलेल्या दुधाचं म्या वरीसभर ह्यातच बांधून खाल्लं."

संपतनं फडकं खिशात घातलं आणि स्कूटर काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळा सोडवला. त्यानं आधी मशीनवर तपासला नाही, असं नाही. डेअरीत नेऊन पाण्यात कालवून, हिशेब मांडून बघितलाच. एकच्या आत. लंकाबाईनं मीठ-जिरं टाकून चार चमचे खाल्ले. दुपार झाली तरी पोटात दुखलं नाही. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून वाटी मागितली.

"कुणी सांगितलं वो ह्ये?"

"बायडाबाईनं."

"ती दुधाची साय काढायची ती?"

संपत खाली बघत म्हणाला, "काढत नव्हती. तिचं दूध खरं व्हतं. माज्यामुळं गाय इकली तिनं."

लंकाबाईचा चमचा थांबला. "मग तिला म्हणालात का तसं? चुकलो म्हणून?"

"न्हाई."

"अन् तिचं फडकं तेवढं घिऊन आलात?" तिनं वाटी खाली ठेवली आणि हातानं लांब सरकवली. "माज्या घशाखाली न्हाई उतरायचं ह्ये. आधी जाऊन म्हणून या. डेअरीत म्हणा, रांगेत म्हणाला व्हता तसं, समद्यांच्या देखत. मग खाते."

"अगं, पण दिवस कमी हायती. तू खा तर आधी."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. संपतनं घड्याळ बघितलं. संध्याकाळची डेअरी उघडायला तासभर होता. त्यानं खुंटीवरचा शर्ट काढला आणि बायडाबाईला डेअरीत बोलवायला ओढ्याकडं निघाला.