तीन मापं पीठ आणि आप्पाजी सर

अभिराज तिसऱ्या खेपेला उपदेशकाच्या परीक्षेत पास झाला. टाळ्यासुद्धा पडल्या. पण असं अजून काही घडलेलं नाही. ही दोन वाक्यं आपण वाचलीच नाहीत असं वाचकांनी धरावं आणि त्या रविवारी सकाळी अभिराज मालवाहू रिक्षात एका भल्यामोठ्या पातेल्याला मिठी मारून येलहंक्याला निघाला होता, तिथून सुरुवात करावी. तेव्हा तो नापासच होता. दोनदा.

येलहंक्यातल्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत उपदेश करायचा तर समितीचा परवाना लागतो. समितीचे अध्यक्ष आप्पाजी सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम असा, की उपदेशात मुद्दे तीनच हवेत आणि तिन्ही एकाच अक्षराने सुरू व्हायला हवेत. तिसऱ्यांदा नापास होणारा कायमचा खुर्च्या मांडायला जातो. खुर्च्यांवर आधीच चौघे होते आणि हल्ली ते अभिराजकडे फार आपुलकीने बघायला लागले होते.

परीक्षेला आलेला शास्त्रातला दाखला, म्हणजे बोधकथा, एका ओळीचा. स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे. एका बाईने ते तीन मापं पिठात दडवलं आणि सगळं पीठ फुगलं. त्यावर आप्पाजी सरांचं टिपण मात्र चौदा पानी. खमीर म्हणजे पाप, शास्त्रात जिथे दिसेल तिथे पाप. अभिराज दोन्ही वेळा म्हणाला होता, "इथे तसं वाटत नाही, सर." का वाटत नाही, हे काही त्याला सांगता आलं नव्हतं.

हे रडगाणं त्याने मल्लेश्वरममधल्या घरमालकिणीला ऐकवलं. सकवारबाई चाळीस वर्षं इडलीचं पीठ विकत होती. तिचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूत आलेलं. अभिराज अहिल्यानगरहून तीन वर्षांपूर्वी आलेला, म्हणजे तिच्या हिशेबाने अजून स्टेशनातून बाहेरही पडला नव्हता.

"पाप?" ती म्हणाली. "म्हणजे चाळीस वर्षं मी अख्ख्या मल्लेश्वरमला पाप खाऊ घालते? आणि लोक वर चटणी मागतात?"

"तसं नाही, अक्का..."

"स्वल्प थांब. पीठ किती म्हणालास?"

"तीन मापं. म्हणजे आपलं चाळीसेक लिटर."

सकवारबाईने हातातला डाव खाली ठेवला. "घरात माणसं किती?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला पाहिजे? एवढ्यात शंभर पानं उठतात. त्या बाईने गाव जेवायला बोलावलंय, अण्णा. तुझे सर पीठ तपासत बसले. पाहुणे कोणी मोजलेच नाहीत."

अभिराजच्या कपाटात भाष्याचे अकरा खंड होते. त्यातल्या एकानेही कधी पीठ भिजवलं नव्हतं.

त्याने ठरवलं, हे पीठच समितीपुढे ठेवायचं. शनिवारी संध्याकाळी सकवारबाई म्हणाली, "पातेलं अर्धंच भर." पण शास्त्रात तीन मापं आहेत, दीड माप नेलं तर सर गुण कापणार. अभिराजने पातेलं काठोकाठ भरलं आणि झाकण सुती दोरीने आवळून बांधलं. बेंगळुरूत वाढलेलं शेंबडं पोरही हे करत नाही.

रविवारी पातेलं टेबलावर चढलं आणि सरांनी आरंभीची प्रार्थना सुरू केली. ते जगातल्या सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थना करतात, वर्णानुक्रमे. महिना एप्रिल, पंखा एक. जपानला दोरी करकरली. नॉर्वेला झाकण उचललं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त अभिराजचे आणि शेवटच्या बाकावर, पिठामागोमाग आलेल्या सकवारबाईचे. तिने तिथूनच कपाळावर हात मारला. हैतीला आमेन झालं, लोकांनी डोळे उघडले, तेव्हा स्वर्गाचं राज्य टेबलावरून उतरून सरांच्या गुणपत्रिकेवर पोचलं होतं.

"पहिला मुद्दा, पीठ," अभिराज घाईने म्हणाला. "दुसरा मुद्दा, पातेलं. हे राज्य पातेल्यात मावत नाही, आपल्या सगळ्यांच्या साक्षीने. तिसरा..."

घंटा झाली. साडेदहा. साडेदहापासून हे सभागृह कन्नड मंडळीचं. त्या एकुलत्या पंख्यावरून दोन्ही मंडळींची अकरा वर्षं बोलचाल नव्हती.

"दोनच मुद्दे," सर म्हणाले आणि पिठातून पेन उपसायला लागले. चार खुर्चीवाल्यांनी सरकून पाचव्याला जागा केली.

"सरी, ठीक आहे!" सकवारबाई उठली. "बघत काय बसलात? पातेल्यात अजून रग्गड आहे. तुमच्या नाताळाच्या शेगड्या कुठायत?"

तेवढ्यात दार उघडलं. कन्नड मंडळी पुस्तकं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि तिथेच नाकं वर करून थबकली. अभिराजने त्यांच्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि त्याचा आवाज छतापर्यंत गेला.

"तिसरा मुद्दा आला, सर! पाहुणे!"

मग शेगड्या पेटल्या. इडलीपात्रं आणि चटणी कन्नड मंडळींच्या घरून आली. बाहेरचे रिक्षावाले वासावर आले. सर गणिताचे, त्यांनी पानं मोजली. मराठी चौतीस, कन्नड एकसष्ट, रिक्षावाले सात, विजेचं मीटर बघायला आलेला एक. एकशे तीन. पंखा मधोमध फिरत होता आणि कोणी वर बघतसुद्धा नव्हतं.

सरांनी नववी इडली संपवून बोटं पुसली.

"पाप असतं," शेवटी ते म्हणाले, "तर एवढं हलकं झालं नसतं."

त्यांनी चौदा पानी टिपण मागवलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि पीठ वाळून कडक झालेल्या गुणपत्रिकेवर सही केली. टाळ्या पडल्या. खुर्चीवाल्यांनी जरा जड हातांनी वाजवल्या.

परवानाधारक उपदेशक अभिराजचं पहिलं अधिकृत पत्र सोमवारी गेलं:

मा. अध्यक्ष, परीक्षा समिती यांस. विषय: आरंभीच्या प्रार्थनेचा कालावधी. महोदय, यापुढे जगातील राष्ट्रे पीठ उतू जाण्याच्या आत संपतील अशा बेताने घ्यावीत. ते शक्य नसल्यास काही राष्ट्रांचे परस्परांत विलीनीकरण करण्याबाबत समितीने संबंधित सरकारांशी सत्वर पत्रव्यवहार करावा, ही नम्र विनंती.