लाल पेनाने खोडलेल्या ओळी

सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. चार वाजता ताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि या खेपेला ते गोळ्या वाढवणार, हे फोनवरच कळलं होतं. ताईला फिट्स येतात. ती शिवणकाम करते. आहेत त्या गोळ्यांनीच तिचे हात इतके थरथरतात की सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते. गोळ्या वाढल्या की मशीन बंद. आणि मशीन बंद झालं तर ताई खचेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी मात्र प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचा काप भिंगाखाली धरून एका पेशीचा करंट मोजत होते. नऊ वर्षं हेच करतेय. पडद्यावर रेघ सरकते. शेजारची पेशी काही बोलली की रेघेला टोक येतं. टोकं मोजायची, आणि रेघच वर-खाली झाली तर बटण दाबून तिला शून्यावर आणायची. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगते.

"थांब! काय दाबलंस?" मागून मॅडम ओरडल्या. प्रयोगशाळा त्यांची.

"रेघ सरकली होती. जागेवर आणली."

"अगं बाई, ती सरकावी म्हणूनच तर आज नवं औषध घातलं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "मूळ नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे, तोंड पाडू नकोस. पण ऐक. पेशी एकमेकींना भेटतात तिथेच त्यांचे कान असतात असं नाही. भेटीच्या जागेपासून लांब, बाहेरच्या अंगालाही असतात. इकडेतिकडे सांडलेलं रसायन ते सतत टिपत असतात. दारातलं बोलणं दोघींपुरतं, पण स्वयंपाकाचा वास अख्ख्या घरात पसरतो ना? तसं. त्यानेच पेशी शांत राहते. आपण ते कान बंद केले म्हणून रेघ हलली. किती हलली, तेच आपलं उत्तर. आणि तू तेच पुसून मोकळी!"

"आणि ही शांतता आपोआप कमी होते का?"

"होते की. हार्मोन्सनीसुद्धा. काही बायकांमध्ये पाळीच्या आधी ती घसरली की पेशींवरचा लगाम सुटतो, फिट्ससुद्धा..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. ताईची वही!

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नोंदी ठेवायला सांगितल्या, तेव्हा ताईने भाबडेपणाने सगळं लिहिलं होतं. 'आज जीव थाऱ्यावर नाही. एकच शिवण तीनदा उसवली. उद्या-परवा पाळी येईल.' मी लाल पेन घेऊन बसले होते. "हे काय रडगाणं? डॉक्टरांना वेळ असतो का? फक्त फिट्स लिही. तारीख, वेळ, मिनिटं." पाच महिन्यांच्या ओळी मी खोडल्या आणि उरलेल्याचा झकास तक्ता केला. डॉक्टरांनी विचारलंही होतं, "पाळीशी काही संबंध?" ताईने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "छे, पाळी अगदी नियमित आहे." शहाणी कुठली!

धावत घरी गेले. ताई चप्पल घालून तयार बसली होती.

"जुनी वही कुठेय?"

"कपड्यांच्या चिंध्यांखाली. का गं? अशी का धापा टाकतेस?"

"आणि नंतरच्या? जीव घाबरा होतो, उसवते, ते सगळं लिहिलंस ना?"

ताईच्या कपाळाला आठी पडली. "तूच म्हणालीस ना, ते कामाचं नाही. मग सोडलं मी."

तीन वर्षं! मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तक्ता चाळला आणि चिठ्ठीवर पेन टेकवलं. "फिट्स किती दिवसांनी येतात?"

माझ्या तोंडात उत्तर आलंच होतं. मी दातांखाली जीभ दाबली आणि ताईला कोपराने ढोसलं. ती चाचरली. मग म्हणाली, "पाळीच्या आधी दोन-तीन दिवस मी माझी नसते, डॉक्टर. हातून सगळं बिघडतं. मग फिट येते. दर महिन्याला नाही, पण आली की बहुतेक तेव्हाच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

मी वही पुढे केली. "तिने सांगितलं होतं. मी खोडलं."

लाल रेघांखालची ती अक्षरं ते बोट ठेवून वाचत गेले. पाच महिन्यांत चार फिट्स, त्यातल्या तीन पाळीच्या तोंडावरच. त्यांनी चिठ्ठी फाडली. "गोळ्या आत्ता वाढवत नाही. लगेच खात्री देत नाही, पण दिशा वेगळी दिसतेय. रक्त तपासू. दोन महिने सगळं लिहा. अगदी सगळं."

बाहेर आल्यावर ताईने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वही घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या, थरथरत्या हाताने पहिली ओळ लिहिली. मी वाकून बघितलं.

'आज धाकटीचा जीव थाऱ्यावर नाही.'

"हे खोडलंस तर हात तोडीन," ती म्हणाली. मला भर रस्त्यात रडू फुटलं.