विंगेतलं स्टूल

समुपदेशक बाईंची खोली पाहूनच माझं डोकं फिरलं. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि घड्याळ नेमकं माझ्या पाठीमागे. म्हणजे वेळ किती उरला ते त्यांना दिसणार, मला नाही.

मी आपणहून गेलेच नव्हते. मी नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, नट अडला की हळूच पुढचा शब्द द्यायचा. माझी खोड एकच, नट अडायच्या आधीच मी शब्द देते. बोट चालू ओळीवर आणि डोळे पुढच्या पानावर. मंडळी मला 'घाईताई' म्हणतात आणि चालवून घेतात. पण या नाटकात माझ्या लेकीला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, आणि तालमीत ती जिथे जिथे मुद्दाम थांबली, तिथे तिथे मी शब्द फेकला. शेवटी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, कोणाकडे तरी जाऊन बोल. नाहीतर प्रयोगाला या स्टुलावर दुसरं कोणीतरी बसेल." दिग्दर्शकाने मान डोलावली. पोटच्या पोरीनेच असा निकाल दिल्यावर करता काय?

"कशाची भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"ती विसरेल याची."

"आणि मग?"

"लोक हसतील."

"आणि मग?"

"ती रडत आत येईल. पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही."

"आणि मग?"

बाईंना दुसरा प्रश्नच येत नव्हता. दर आठवड्याला तेच दळण, आणि निघताना एकच सल्ला, बोलायच्या आधी थांबा, श्वास घ्या. वर मधेच त्या गप्प बसायच्या. समोरचं माणूस गप्प बसलं की मला राहवत नाही, मी त्यांचंही वाक्य पुरं करून टाकायची. "तुम्हाला म्हणायचंय, जे आपल्या हातात नाही त्याची काळजी..."

"मला काहीच म्हणायचं नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी विचार करत होते."

घरी लेक विचारायची, "काही फरक पडतोय का?"

"पडतोय ना. आधी नुसती काळजी वाटायची, आता त्या काळजीचा रागही येतो."

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात बाईंनी पुन्हा "आणि मग?" म्हटलं आणि माझा तोल सुटला. "मग काय, कप्पाळ! मग ती म्हणेल, आई, तू तिथे बसून उपयोग काय झाला?"

या वेळी बाईंनी "आणि मग" म्हटलं नाही. "हे आज पहिल्यांदा बोललात," एवढंच म्हणाल्या. मी पर्स उचलून निघाले. जिन्यात मला रडू आलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

दिग्दर्शकाने स्टूल दिलं. "पहिल्या प्रयोगापुरतं. मग बघू," तो म्हणाला.

तिसऱ्या अंकात लेकीचं मोठं स्वगत होतं. बापाच्या रिकाम्या खुर्चीशी ती बोलते. "मी घर सोडून गेले नाही, कारण..." म्हणून ती थांबली. इथे ती तालमीतही थांबायची. शब्द माझ्या जिभेवर आलाच. मी रुमाल दातांत धरला आणि डोळे गच्च मिटले. थांब, श्वास घे. बाईंनी शिकवलेलं एवढंच आठवत होतं. बाहेर कोणाची तरी खुर्ची करकरली. मी मात्र हूं की चूं केलं नाही, आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

"...कारण काय ते आता आठवतच नाही, बाबा."

हे वाक्य संहितेत नव्हतं! मी डोळे उघडले. लेक टेबलावरचं पाणी प्यायली आणि चार ओळी गाळून पुढचं बोलू लागली. प्रेक्षकांत कोणीतरी नाक ओढलं.

अंधार होताच ती विंगेत आली आणि तिने माझं मनगट धरलं. "आई, मी खरंच विसरले होते! किती वेळ तुझ्याकडे बघत होते, आणि तू डोळे मिटून बसलीस? मग तू इथे बसून उपयोग काय?"

नेमकं तेच वाक्य. इतके दिवस ज्याला घाबरले ते समोर येऊन उभं राहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "आणि मग?"

"मग काय मग? सुचलं ते बोलले!"

"बोलले तरी माझं चुकतं, गप्प बसले तरी चुकतं!" मीही दबक्या आवाजात तडकले. "मी करू तरी काय?"

"माझ्याकडे बघ," ती घाम पुसत म्हणाली. "पुढच्या पानावर नको, डोळे मिटून नको. माझ्याकडे बघ." आणि उजेड आला तशी ती निघून गेली.

मी चरफडत स्टूल वळवून घेतलं आणि तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने ती पुन्हा थांबली. शब्द पुन्हा माझ्या जिभेवर आला. तेवढ्यात तिचा डावा हात दिसला. मूठ घट्ट वळलेली होती. मग मूठ सुटली आणि ती बोलली. पुढच्या वेळीही तसंच झालं. मुद्दाम थांबते तेव्हा ती मूठ वळते. इतक्या तालमी झाल्या, आणि मला हे माहीतच नव्हतं.