नववा थांबा

ड्रायव्हरकाकांनी एका बोटाने शेवटचं अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चौदा ओळी भराभर उतरल्या. तेरा हिरव्या, एक लाल. लाल ओळ नववी होती, कालच्यासारखीच आणि परवासारखीच.

शेजारची मुलगी त्यांच्याआधी हळहळली. वर्गातले बाकी सगळे अठरा-एकोणीस वर्षांचे, काकांनी मात्र पन्नाशी कधीच ओलांडलेली. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यावर त्यांची बस सुटली होती. प्रोग्रामिंगची ही पहिली परीक्षा पास झाले, तर डेपोच्या वेळापत्रक विभागात खुर्ची मिळणार होती, नाहीतर घरी बसायचं. पाच वाजता प्रोग्राम जमा करायचा होता आणि एकही लाल ओळ चालणार नव्हती.

तसे काका सगळ्यांचे लाडके. मॅडमनी लूप शिकवला तेव्हा ते म्हणाले होते, की सव्वीस वर्षं एकाच मार्गावर गोल फिरलोय, हे तरी मला शिकवू नका. वर्ग पोट धरून हसला होता. अशा माणसाचं घोडं साध्या जर-तरपाशी पेंड खावं, याचं मॅडमना मनापासून वाईट वाटत होतं.

गणित सोपं होतं. बस चौदा थांब्यांवरून जाते. कुणाला उतरायचं असेल, किंवा थांब्यावरून कुणी हात केला, तर थांबायचं. नाहीतर पुढे जायचं. नवव्यावर कुणी हात केलेला नाही, कुणी उतरणारही नाही, म्हणजे उत्तर ‘पुढे’. मॅडमनी हे दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा काकांनी मान डोलावून बरोबर आहे म्हटलं होतं. तीस मुलांच्या गडबडीत त्यांचा प्रोग्राम वाचायचा मात्र राहून गेला होता. आज अर्धा तास उरल्यावर त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

अट बरोबर लिहिलेली होती. फक्त तिच्या शेवटी आणखी एक तुकडा होता: किंवा थांबा नववा असेल तर.

“काका, हे चुकून राहिलंय का?”

“नाही, मुद्दाम घातलंय.”

“पण तिथे हात कुणीच केलेला नाही ना.”

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“तिथे एक बाई उभ्या असतात, मॅडम. सकाळी सात वीसला. त्यांना दिसत नाही. कुठली बस आली हेच कळत नाही, तर हात कशाच्या जोरावर करतील? मी थांबायचो आणि नंबर ओरडायचो.”

हा नुसता सराव आहे, असं मॅडम म्हणणार होत्या, पण त्यांना म्हणवेना. प्रश्न त्यांनीच काढला होता. कॉम्प्युटरला आपण देतो तेवढंच कळतं, आणि आपण त्याला त्या बाई दिलेल्याच नाहीत, एवढं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तो तुकडा काढल्याशिवाय पास होता येणार नाही, हेही सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

काकांना ती खुर्ची हवी होती. रिकाम्या घरात दिवसभर बसायची त्यांना खरोखर भीती वाटत होती. त्यांनी चष्मा चढवला, तो तुकडा शोधला आणि मागून एकेक अक्षर पुसत गेले. मग बटण दाबलं.

चौदाच्या चौदा हिरव्या. शेजारच्या मुलीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मॅडमनी यादीत खूण केली.

“झालात पास. उद्या पहिल्याच तासाला पुढचा धडा घेऊ.”

काका पडद्याकडे बघत राहिले. नवव्या ओळीवर ‘पुढे’ लिहिलेलं होतं.

“उद्या पहिल्या तासाला मी नसेन, मॅडम,” ते म्हणाले. “माझ्या बसवर नवीन ड्रायव्हर आलाय. चांगला आहे, अगदी नियमाने चालवतो. सकाळी त्याच्या शेजारी बसून नवव्यापर्यंत जाऊन येतो.”