पट्ट्याने मोजलेला आठवडा

माझी बायको शांता गेल्यापासून आमच्या विनीतचं एकच चाललंय. "बाबा, खोली बंद करा, विरारला चला. इथे दिवसभर नुसते बसून असता." मला काळाचौकी सोडायची नाही. शांताचं सगळं याच खोलीत आहे.

मग आमच्या चाळीत एका कॉलेजातली श्रेया आली. साठीपुढची माणसं दिवसभरात किती हालचाल करतात आणि ती किती जोराची, हे तिला मोजायचं होतं. काडेपेटीएवढं यंत्र, पट्ट्याने कमरेला बांधायचं, सात दिवस. विनीत म्हणाला, "बांधा. मशीन काय सांगेल ते दोघांनी ऐकायचं."

मी लगेच कबूल झालो. जिंकणार मीच होतो. शांताची सगळी कामं आता मी करतो. मोरीत बसून कपडे, भांडी, शिवाय पाट्यावर वाटण. पाट्यावरून उठलो की बनियन पिळावं लागतं.

रविवारी श्रेया रिपोर्ट घेऊन आली. विनीतही आला होता.

"काका, रोज साडेदहा तास बसून," ती म्हणाली. "जोराची हालचाल शून्य मिनिटं."

"बघा!" विनीत म्हणाला.

"आणि पाटा?" मी विचारलं.

"ते बसूनच करता ना? यंत्र कमरेला असतं, काका. हातांचं त्याला कळत नाही."

मी तिच्याकडून पट्टा घेतला, विनीतच्या कमरेला बांधला आणि खोबरं, मिरच्या, धणे पाट्यावर टाकले. "वाट."

"बाबा, काय लहान पोरासारखं करताय!"

"मशीनचं ऐकायचं ठरलंय ना? वाट."

पाच मिनिटांत त्याने शर्ट काढला. दहाव्या मिनिटाला वरवंटा सोडून भिंतीला टेकला. वाटण अजून भरडच होतं. श्रेयाने यंत्र लॅपटॉपला जोडलं.

"दहा मिनिटं... बसून," ती हळूच म्हणाली.

विनीत दंड चोळत राहिला. "आई हे रोज करायची?"

"दोन वेळा."

मी शांताला चाळीस वर्षं सांगत आलो, दिवसभर घरात बसून तर असतेस. माझ्याकडे यंत्रही नव्हतं.

शर्ट अंगात घालत विनीत म्हणाला, "राहा इथेच. पण मी मिक्सर आणून देतो."

मी हो म्हटलं. शांताने तो दोनदा मागितला होता. पाट्यावरचंच चवीला बरं लागतं, असं सांगून मी विषय संपवला होता.