भिंतीकडे तोंड करून

आमच्या वर्कशॉपमध्ये पात्यावर नाणं वाजवणारा एक आणि तो आवाज ऐकणारा दुसरा असतो. ऐकणारा भिंतीकडे तोंड करून बसतो, म्हणजे डोळे कानाला फसवत नाहीत. वाजवणाऱ्याने कानात कापूस घालायचा, म्हणजे आवाजाला भुलून त्याचा हात बदलत नाही. ही पद्धत कचरूमामांची.

नवीन जालन्यात, बियाण्यांच्या गोदामांमागे श्रेणिकभाऊंचं हे वर्कशॉप आहे. फ्लाइंग स्कूलच्या छोट्या विमानांचे पंखे इथे दुरुस्तीला येतात. पातं आतून लाकडाचं, वरून कार्बनच्या कापडाचे थर रेझिनने चिकटवलेले. थर आतल्या आत सुटला तर डोळ्यांना दिसत नाही, पण नाणं मारलं की कळतं. चिकटलेली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बसकी. अशी जागा तपासणीतून निसटली तर पातं हवेत उकलू शकतं.

मामा पूर्वी स्टीलच्या कारखान्यात साच्यांचे लाकडी नमुने करायचे. इथे त्यांना सोळा वर्षं झाली. मी फिजिक्सची पदवी घेऊन जूनमध्ये आले, पण नाणं वाजवायचं काम देवानंदकडेच असायचं. त्या मंगळवारी तो रजेवर होता.

मामा स्टुलावर बसले. "चला शास्त्रज्ञ, वाजवा. जरा जोरात. पात्याला गुदगुल्या नका करू."

मी कापूस घातला नव्हता. मला आवाज शिकायचा होता.

बुडापासून सुरुवात केली. दर इंचाला एक ठोका.

"बराबर," मामा म्हणत होते. "बराबर. बराबर."

टोकाच्या वीतभर अलीकडे आवाज बसला. मामा म्हणाले, "बराबर." मी तिथेच पुन्हा मारलं. पुन्हा "बराबर."

माझाच कान कच्चा असेल, असं आधी वाटलं. मग मी नाणं उचललं आणि पात्याला न लावता तेवढाच वेळ थांबले.

"बराबर," मामा म्हणाले.

अजून एकदा थांबले. "बराबर."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मामा, शेवटचे दोन ठोके मी मारलेच नाहीत."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. हसायला गेले, ते जमलं नाही. "परीक्षा घेतली म्हणा की माझी."

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"दिवाळीपासून. घरी बायको, गिरिजाबाई, बोलायची, तर वाटायचं हिचाच आवाज बारीक झाला. इथं पहिले चार ठोके ऐकू यायचे, बाकीचे तालाच्या अंदाजानं." ते थोडं थांबले. "सोळा वर्षांत बसका आवाज दहा-बारादाच निघाला असंल. अंदाज चुकायचाच न्हाई, पोरी."

हिशेब बरोबर होता, तेच भयंकर होतं. पॉलिशच्या मशीनच्या गोंगाटात वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. देवानंदच्या कानात कापूस होता आणि मामांची पाठ होती. सांगणार कोण?

"भाऊंना सांगावं लागेल," मी म्हणाले.

"तू नको. मी सांगतो."

दिवाळीपासून मामांनी तपासलेले नऊ पंखे परत गेले होते. श्रेणिकभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "आधी विमानं थांबवा."

पहिला फोन मामांनीच लावला. "तपासणीवर सही माझी हाय," म्हणाले. स्पीकर पूर्ण मोठा केला. "हॅलो, जालन्याहून कचरू बोलून राह्यलो. तुमचा पंखा उडवू नका. माझी तपासणी चुकलीय."

पलीकडचा मुलगा घाबरून भराभर बोलला. मामा फोनकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.

"काय म्हन्ला?"

मी सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, "विमान वर आहे. रेडिओवरून परत बोलावतायत."

ते खाली बसले. वीस मिनिटं गेली. चहा आला, तो तसाच राहिला. मग फोन वाजला. मी उचलला, ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उतरलं, मामा. बराबर उतरलं."

त्यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले. उरलेल्या आठ नंबरांचा कागद माझ्यासमोर सरकवला.

"आता तूच बोल," म्हणाले.