कर्ता गाळलेलं वाक्य

मित्रांनो, मला फळा म्हणतात. काळा म्हणावं तर आता करडाच जास्त, आणि एका कोपऱ्याला तडा. युक्रेनमधल्या पोल्तावा गावच्या एका सुताराने मला चांगलं जाड, दणकट घडवलं. माझ्या मधोमध उभी पांढरी रेघ दिसते ना, ती मात्र सुताराची नाही. ती आमच्या प्राध्यापिका नेल्या मकारिव्हना बाईंनी स्वतः स्टुलावर चढून रंगवली.

त्यांच्या आधीचा, सोव्हिएत राजवटीचा काळ विचारू नका. तेव्हा माझ्यावर घोषणा लिहीत. "योजना पूर्ण करण्यात आली." कोणती, कोणी, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा पुढच्या वर्षी वर्गात दिसत नसे.

मग देश स्वतंत्र झाला आणि विद्यापीठात बाई आल्या. त्यांचा विषय होता सत्तेची भाषा. रेघेच्या डावीकडे त्या इंग्रजी वाक्य लिहीत, उजवीकडे युक्रेनी. तीच घटना, दोन सरकारांची दोन निवेदनं. डावीकडे "चुका झाल्या", उजवीकडे "निर्णय घेण्यात आला". मग बोटाच्या पेराने माझ्यावर ठोकून विचारत, "कर्ता कुठं गेला? पाय फुटले का त्याला?"

"रजेवर गेलाय, बाई," एखादा म्हणायचा.

"पगारी की बिनपगारी?"

"पगारी. म्हणून तर गेलाय."

वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. पण इंग्रजीला नावं ठेवून कोणी खूश झालं, की त्यांचा पारा चढे. "इंग्रजीत निदान शेवटी शेपूट जोडता येतं, अमक्याकडून, तमक्याकडून. आपल्या भाषेत तर एक रूप असं आहे, की कर्त्याला आत शिरायला दारच नाही. आधी आपलं घर बघा." त्यांची एक शिस्त होती. कागदावर लिहायचं वाक्य आधी फळ्यावर उभं करायचं. तिथे त्याची लाज वाटली, तर कागदावर घ्यायचं नाही.

हे सगळ्यात चांगलं जमलं रुस्लानाला. खेड्यातून आलेली पोर, अंगावर एकच कोट, पण नजर घारीची. लपलेला कर्ता ती चुटकीसरशी हुडकून काढायची. बाईंनी तिला घरी नेऊन हालुश्की खाऊ घातल्या, तिचा प्रबंध ओळन् ओळ तपासला, नोकरीसाठी दहा दारं ठोठावली. त्या वर्षांत बाहेरगावचे प्राध्यापक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत. मीही थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग युद्ध आलं. खिडक्यांना प्लायवूड लागलं, अर्धा वर्ग परदेशी गेला, काही पोरं आघाडीवर गेली. खार्किव शहरात रशियन क्षेपणास्त्राने बाईंच्या धाकट्या बहिणीचं घर पाडलं. बहीण त्यात गेली. त्या आठवड्यात बाईंनी डावीकडे एका इंग्रजी वर्तमानपत्रातलं वाक्य लिहिलं, "एका इमारतीला फटका बसला." लिहिताना खडू मोडला.

"बसला?" त्या म्हणाल्या. "वारा सुटला होता का?"

त्या दिवशी कोणी विनोद केला नाही. त्यानंतर बाईंना जगात एकच गोष्ट हवी होती, हा तास चालू राहायला. पेन्शन नको, सत्कार नको. हा तास होता म्हणून त्या सकाळी उठत होत्या.

रुस्लाना तोवर विभागप्रमुख झाली होती. मुलं कमी झाली, एक जागा कमी करायची वेळ आली. जाणार कोण, बाई की सावा इलिच? सावा इलिच वर्गात पेंगायचे, पण कुलगुरूंचे मेहुणे होते. निवड रुस्लानावर सोपवली होती.

एका दुपारी ती एकटी आली. दार लोटून खडू उचलला, शिस्तीप्रमाणे. उजवीकडे लिहिलं, "मी हा तास बंद करत आहे." पुसलं. "विभागाने हा तास बंद केला आहे." तेही पुसलं. मग लिहिलं, "हा तास बंद करण्यात आला आहे," आणि खडू खाली ठेवला. तेच ते बिनदाराचं रूप. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ते हेच.

तेवढ्यात बाई पुढच्या तासासाठी आत आल्या. त्यांनी वाचलं. सवयीने दोनदा वाचलं.

"वाक्य निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "फट कुठंच नाही."

"नेल्या मकारिव्हना, हे वरून आलंय."

"वर? वर तर गळकं छत आहे, पोरी."

रुस्लाना बोटांवरचा खडू पुसू लागली. "जागा एकच उरली होती. सावा इलिच कोणाचे कोण आहेत, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मी भांडणार नाही. एकच मागते. 'मी बंद केला' एवढं तोंडाने म्हण. मी कोट घालते आणि जाते. मनात काही ठेवणार नाही."

रुस्लानाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणते.

"ठरलं आहे," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी कोट घातला, सगळी बटणं लावली आणि गेल्या. मागाहून रुस्लाना हमसून रडली. मला तिची कीव आली नाही. रडून झाल्यावर तिने ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि मला पुसलं.

मित्रांनो, आता माझ्यावर कोणी लिहीत नाही. अशा वेळी फळ्याने ओलं फडकं मागावं, रंगाचा एक हात मागावा. मला ते नको. माझं मागणं वेगळं आहे. वाईट काम करायची वेळ तुमच्यावरही येईल, मी काही साधुसंतांशी बोलत नाही. आलीच, तर निदान समोर उभं राहून "मी केलं" म्हणा. मग समोरच्याला भांडायला, शिव्या द्यायला, हवं तर माफ करायला एक माणूस मिळतो. बाईंना तोही मिळाला नाही. त्या दिवशी त्या भिंतीशी बोलून घरी गेल्या.